‘ही एक सोडून बाकी काय ते काढा’: वृद्धांची औषधे कमी करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय ७९. तिला रोज अकरा गोळ्या आहेत, गेल्या दोन महिन्यांत ती दोनदा तोल जाऊन पडली, आणि डॉक्टरांनी ‘यांतल्या काही कमी करता येतील’ असे सांगूनही ती एकही सोडायला तयार नाही. ८३ वर्षांच्या वडिलांचे नेमके उलटे आहे. ते कोणाला न सांगता गोळ्या टाळतात. या दोघांना कसे समजवावे, असे तुम्ही विचारले आहे. वृद्धांच्या आजारांवर उपचार करण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी करते, की ‘समजवावे’ हा शब्द सध्या बाजूला ठेवा. आईच्या नकारात आणि वडिलांच्या टाळाटाळीत एकेक प्रश्न दडलेला आहे. तो मोकळेपणाने बोलून दाखवण्याची संधी बहुधा त्यांना अजून कोणी दिलेली नाही, आणि तो ऐकल्याशिवाय पुढचे काहीच नीट होणार नाही.

म्हातारी माणसे गोळ्यांना चिकटून बसतात, हा समज घरच्यांमध्ये आहे तसाच डॉक्टरांमध्येही आहे. प्रत्यक्ष विचारून पाहिले तेव्हा मात्र चित्र वेगळे निघाले. ऑस्ट्रेलियातील संशोधक एमिली रीव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली, आणि ती वापरून अमेरिकेतील १,९८१ वृद्धांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ‘डॉक्टरांनी शक्य आहे असे सांगितले, तर माझे एखादे किंवा अधिक औषध थांबवायला मी तयार आहे,’ या विधानाला त्यांतील ९२ टक्के लोकांनी होकार दिला, आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांना आपली औषधे कमी व्हावीत असे मनातून वाटत होते. अशा पाहण्यांमध्ये आणखी एक गोष्ट सतत आढळते. हीच माणसे आपल्या सध्याच्या औषधांबद्दल समाधानी असल्याचेही सांगतात. ही दोन उत्तरे एकमेकांना छेद देतात असे वरवर वाटते, परंतु दवाखान्यात बसणाऱ्याला त्यात काही नवल वाटत नाही. ‘गोळ्या’ हे ओझे असते, ‘ही गोळी’ मात्र आधार असते.

एक प्रसंग सांगते. ८१ वर्षांच्या एक आजी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या. पहिल्या भेटीला घरातली सगळी औषधे डब्या-पिशवीसकट घेऊन यावीत असा माझा आग्रह असतो, कारण नुसत्या चिठ्ठीवरून माणूस खरोखर काय घेतो ते कळत नाही. आजींनी पिशवी टेबलावर पालथी केली. चौदा स्ट्रिपा निघाल्या. काही कात्रीने एकेका गोळीपुरत्या कापलेल्या होत्या. कापताना औषधाचे नाव गेले होते आणि उरलेल्या चकचकीत तुकड्यावर पेनाने ‘स’ किंवा ‘रा’ लिहिलेले होते, म्हणजे सकाळ आणि रात्र. ‘यांतल्या काही कमी झाल्या तर चालतील का?’ असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘चालतील काय, हात जोडते! पोट गोळ्यांनीच भरतं.’ मग मी एकेक स्ट्रिप उचलून ती कशासाठी आहे हे विचारू लागले. तिसरीला माझा हात लागण्याआधीच त्यांनी ती ओढून मुठीत घेतली आणि म्हणाल्या, ‘ही एक सोडून बाकी काय काढायचं ते काढा.’ ती झोपेची गोळी होती, बेंझोडायझेपिन गटातली. यजमान गेले त्या आठवड्यात कोणीतरी दहा दिवसांपुरती दिलेली आणि नंतर नऊ वर्षे चालू राहिलेली. रात्री लघवीला उठल्यावर त्या दोनदा पडल्या होत्या. त्या चौदांपैकी त्यांना सर्वांत जास्त पाडू शकणारी गोळी नेमकी त्यांच्या मुठीत होती.

अशा वेळी ‘ही गोळी घातक आहे’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी चटकन येते, आणि तेच सर्वांत निरुपयोगी ठरते. नऊ वर्षे इमाने घेतलेल्या गोष्टीला कोणी घातक म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन शंका उभ्या राहतात: इतकी वर्षे मला चुकीचे औषध दिले का, आणि आता हे तरी खरे कशावरून? शिवाय ती गोळी केवळ रसायन उरलेली नसते. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्यावरचा विश्वास, तिने निभावून नेलेली एखादी वाईट वेळ, ‘ही आयुष्यभर घ्यावी लागेल, एक दिवसही चुकवू नका’ अशी कधीकाळी मिळालेली ताकीद, हे सगळे तिच्याभोवती जमा झालेले असते. ताकीद देणारे आम्हीच होतो. ती मोडायची परवानगीही आम्हीच स्पष्ट शब्दांत द्यायला हवी आणि आधीचे बरोबर होते हेही सांगायला हवे: ‘तेव्हा तुमचे शरीर वेगळे होते, तेव्हा ही गोळी योग्य होती, आता शरीर बदलले म्हणून हिशेब बदलतो आहे.’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही बहुतेक वेळा खरे असते.

भाषेकडेही जरा लक्ष द्या. दुखणे संपून औषध थांबले की आपण ‘गोळी सुटली’ म्हणतो आणि त्यात सुटकेचा आनंद असतो. ‘औषधे बंद केली’ हे मात्र आशा संपल्यावर, डॉक्टरांनी हात टेकल्यावर म्हणतात. डॉक्टर सहज बोलून जातात, ‘ही आता बंद करू’, आणि समोरच्या वृद्धाला त्यातून ऐकू येते, ‘आता तुमच्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही.’ ही भीती फार कमी जण बोलून दाखवतात. काही जण तिच्याऐवजी ‘राहू दे ना, काय बिघडतंय?’ असे म्हणतात. म्हणून मी ‘बंद’ हा शब्द वापरत नाही. ‘ही उतरवत आणून पाहू, आणि पाहताना मी तुम्हांला नेहमीपेक्षा लवकर बोलावीन’ असे सांगते. औषध कमी करताना भेटी वाढवायच्या असतात. त्या वाढल्या की सोडून दिल्याची भावना बऱ्याच अंशी आपोआप विरते.

शरीर बदलले म्हणजे काय, हे आईला सांगण्याइतपत तुम्हांला ठाऊक असावे. वयानुसार मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, त्यामुळे त्यांच्यावाटे बाहेर पडणारी औषधे रक्तात जास्त काळ राहतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते आणि चरबीचे वाढते, त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधे तरुणांपेक्षा वृद्धांमध्ये कितीतरी जास्त वेळ रेंगाळतात. उभे राहिल्यावर रक्तदाब सावरून धरणारी यंत्रणाही मंदावते. साठाव्या वर्षी नेमकी बसलेली मात्रा ऐंशीव्या वर्षी तीच राहिली, तरी तिचा परिणाम तोच राहत नाही.

त्याखेरीज एका गोळीतून दुसरी गोळी जन्माला येण्याचा प्रकार आहे, आणि अकरा गोळ्यांच्या यादीत मी तो आवर्जून शोधते. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिले जाते. काहींच्या पावलांना त्याने सूज येते. ती सूज शरीरात पाणी साठल्यामुळे नसते, पण तशी समजून लघवीची गोळी सुरू होते. त्या गोळीने पोटॅशियम कमी होते, म्हणून पोटॅशियम सुरू होते; यूरिक अ‍ॅसिड वाढून अंगठा सुजतो, म्हणून वेदनाशामक येते; वेदनाशामकाने रक्तदाब चढतो आणि पोट दुखते, म्हणून रक्तदाबाच्या औषधाची मात्रा वाढते आणि पोटातले आम्ल कमी करणारी गोळी येऊन बसते. प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी प्रामाणिकपणेच उपाय केलेला असतो. अशी साखळी कागदावर काढून दाखवली, की अत्यंत हटवादी वाटणारे रुग्णसुद्धा स्वतः पेन हातात घेऊन ‘मग ही इथून सुरू झाली का?’ असे विचारू लागतात. कारण कळल्यावर नकार किती पटकन मवाळ होतो हे पाहून मला आजही समाधान वाटते.

आईच्या पडण्याबाबत डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचारा. एक, आडवे असताना आणि उठून उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला तिचा रक्तदाब मोजला आहे का? वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मन व झोपेच्या औषधांकडे प्रथम पाहावे लागते. दोन, सर्दी, खाज, चक्कर किंवा वारंवार लघवी यांसाठी दिलेली जुनी औषधे यादीत आहेत का? त्यांतील अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, स्मरणशक्ती धूसर होते, आणि घरचे लोक ते सगळे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात. तिला मधुमेह असेल तर साखर फार खाली उतरवली जात नाही ना, हेही पाहायला हवे. नाजूक प्रकृतीच्या वृद्धांसाठी साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे (एचबीए१सी) उद्दिष्ट आठ टक्क्यांच्या आसपास सैल ठेवणे आज मान्य आहे, कारण साखर अचानक उतरून पडण्याचा धोका त्यांना अधिक जवळचा असतो.

कमी कसे करावे याबद्दल माझा आग्रह एकच आहे: एका वेळी एक औषध, लिहून दिलेल्या टप्प्यांनी, आणि परतीची वाट उघडी ठेवून. २०१४ साली कॅनडाच्या क्यूबेकमधील कॅरा टॅनेनबॉम यांच्या गटाने झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या ३०३ वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एका गटाला फक्त एक पुस्तिका पाठवली होती. तिच्यात या गोळीबद्दल स्वतःला विचारायचे प्रश्न, दुसऱ्या कोणाचा अनुभव आणि मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवण्याचा तक्ता होता. सहा महिन्यांनी त्या गटातील २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती; ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. डॉक्टर बदलले नव्हते, सक्ती नव्हती. वृद्धांच्या हाती त्यांच्याच औषधाची माहिती दिली, एवढेच केले होते. वयस्कर माणसाला हे झेपणार नाही असे मानून आपण सगळे बोलणे मुलाशी किंवा मुलीशी करतो. त्यात त्यांचा अवमान तर होतोच, शिवाय उपचाराचेही नुकसान होते.

माझ्या त्या आजींनाही मी तक्ता लिहून दिला. दर दोन आठवड्यांनी चतुर्थांश मात्रा कमी, आणि शेवटी त्याहूनही हळू. पूर्ण स्ट्रिप उशाशी ठेवायची मुभा त्यांनी मागितली आणि मी ती दिली, कारण गोळी हाताशी आहे या भरवशावर ती न घेता झोपणे सोपे जाते. मधे एकदा त्यांनी फोन करून सांगितले, ‘दोन रात्री डोळा लागला नाही, मी परत मागच्या पायरीवर गेले.’ मी म्हटले, ‘बरोबर केलेत.’ त्या पायरीवर त्या महिनाभर थांबल्या. पाच महिन्यांनी गोळी अर्ध्यावर आली, आठ महिन्यांनी सुटली. सर्वांचेच असे होते असे मी म्हणणार नाही; काही जण अर्ध्या मात्रेवर थांबतात, आणि ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी अर्धी मात्रा हासुद्धा मोठा लाभ आहे.

मात्रा उतरवताना होणारा त्रास म्हणजे मूळ आजार परत आला, असे लगेच धरू नका. आम्लाच्या गोळ्यांबाबत हे विशेष घडते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोटाचा कसलाही आजार नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि थांबवली. त्यानंतरच्या आठवड्यांत ४४ टक्के लोकांना जळजळ किंवा आंबट ढेकरांसारखा त्रास झाला, तर खोट्या गोळीवर असलेल्यांत तो १५ टक्क्यांना झाला. म्हणजे गोळी अचानक सोडल्यामुळेच तिची गरज असल्याचा भास निर्माण झाला. ‘मी एकदा सोडून पाहिली होती, मला ती लागतेच,’ असे तुमची आई कोणत्याही गोळीबद्दल म्हणाली, तर ती खोटे बोलत नाही. तिने ती कशी सोडली होती, एवढेच विचारा.

येथे एक कळकळीची सूचना. हे वाचून घरच्या घरी एकही गोळी थांबवू नका. बीटाब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उतरवणारे औषध) अचानक थांबवले तर छातीतली कळ आणि नाडीचे ठोके उसळू शकतात. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्या असताना एकदम सोडल्या तर फिट्स येऊ शकतात. बराच काळ चाललेले स्टेरॉइड एका दिवसात सोडणे प्राणावर बेतू शकते. फिट्सची औषधे, पार्किन्सन्सची औषधे, नैराश्याची औषधे आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे यांनाही डॉक्टरांशिवाय हात लावायचा नाही. आणि आढावा घेताना यादी वाढतेही. आवश्यक असूनही कोणी न दिलेले औषध मला सापडते तेव्हा मी ते सुरू करते. हेतू योग्य यादीचा आहे, लहान यादी हा त्याचा नेहमीचा, पण अपरिहार्य नसलेला परिणाम आहे.

भविष्यातला आजार टाळण्यासाठी घ्यायच्या औषधांबद्दलचे बोलणे सर्वांत अवघड असते. ज्यांना आधी हृदयविकार झालेला नाही अशा ५० ते ७५ वयाच्या शंभर जणांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेतले, तर त्यांतील एकाचा हृदयविकार किंवा पक्षाघात टळायला सरासरी अडीच वर्षे लागतात, असे प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. निरोगी पासष्टीला हा काळ काहीच नाही. अनेक आजारांनी खंगलेल्या नव्वदीला तो फार मोठा असू शकतो. आयुष्य थोडे उरले आहे अशा ३८१ रुग्णांमध्ये स्टॅटिन थांबवून पाहिलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, साठ दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही आणि औषध थांबवलेल्यांचे दैनंदिन जगणे थोडे बरे झाले. ॲस्पिरिनबाबतही तसेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १९ हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवरील अभ्यासात, हृदयविकार झालेला नसताना खबरदारी म्हणून ते सुरू करण्याचा फायदा दिसला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे त्यांना हृदयविकार न झालेल्यांबद्दलचे हे निष्कर्ष लागू नाहीत, हे पुन्हा सांगते. आकड्यांपेक्षा मी वृद्धांना असे विचारते: ‘तुम्हांला आज कशाची सर्वांत जास्त काळजी वाटते?’ उत्तरात आयुष्याची वर्षे क्वचित येतात. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जाता यावे, डोके स्वच्छ राहावे, कोणाला आपले करावे लागू नये, अशी उत्तरे येतात. कोणती गोळी या इच्छेच्या बाजूने आहे आणि कोणती आड येते, यावरून मग आम्ही दोघे मिळून यादीकडे पाहतो.

आता वडिलांबद्दल. त्यांना रागावू नका, ही विनंती. न सांगता टाळलेली गोळी म्हणजे त्यांनी स्वतःपुरता घेतलेला निर्णय आहे आणि त्यामागे कारण असते: लघवीच्या गोळीमुळे बाहेर जाता येत नाही, मोठी गोळी घशात अडकते, एखादीने चक्कर येते, किंवा रोज औषधाचा डबा उघडणे म्हणजे रोज आजारी असल्याची कबुली वाटते. ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘आठवड्यात किती वेळा राहून जातात, आणि कोणती सर्वांत नकोशी वाटते?’ असे विचारून पाहा. ही माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचणे फार गरजेचे आहे, कारण ती नसेल तर रक्तदाब आटोक्यात येत नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवत जातात. आणि पुढे कशाने तरी रुग्णालयात भरती व्हावे लागले, की परिचारिका कागदावरची सगळी औषधे वेळच्या वेळी देतात आणि आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण मात्रा पोटात गेल्याने रक्तदाब धोकादायक इतका उतरतो. हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. वडील जी गोळी टाळतात ती कदाचित खरोखर अनावश्यक असेल, कदाचित सर्वांत आवश्यक असेल. ती निवड त्यांनी एकट्याने अंधारात करू नये, एवढेच आपल्याला हवे आहे.

तुमच्या स्वतःच्या मनाचाही विचार करा. आईची गोळी कमी झाली आणि आठवड्याने तिला काही झाले तर ठपका आपल्यावर येईल, ही भीती मुलांना असते, आणि डॉक्टरांनाही असते. म्हणूनच एका तज्ज्ञाने सुरू केलेल्या औषधाला दुसरा हात लावत नाही आणि यादी वाढत राहते. गोळी चालू ठेवल्यामुळे आई पडली, तर मात्र तो ठपका कोणावरच येत नाही. हे असमान आहे, आणि ते ओळखूनच निर्णय घ्यावा लागतो. आईला विस्मरणाचा आजार असेल आणि निर्णय तुम्हांलाच घ्यावा लागत असेल, तर ती पूर्वी औषधांबद्दल काय म्हणत असे ते डॉक्टरांना सांगा.

पुढच्या भेटीसाठी वेळ आधी मागून घ्या. हे काम दहा मिनिटांत होत नाही. सर्व औषधे पिशवीत घालून न्या, डोळ्यांचे थेंब, मलम, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली आणि जडीबुटीची औषधेही. आईला आधीच सांगा की आज काहीच काढायचे नाही, फक्त प्रत्येक गोळी कशासाठी आहे ते ऐकायचे आहे. पहिली कोणती उतरवायची हे निवडताना डॉक्टरांनी दोन-तीन पर्याय ठेवून निवड तिच्यावर सोडली, तर सुरुवात तिच्या मर्जीच्या गोळीने होईल आणि मुठीतल्या गोळीवर यायला वेळ मिळेल. प्रत्येक बदलानंतर झोप, चक्कर, भूक आणि पडणे यांची दोन-चार आठवडे रोज एका ओळीची नोंद तिच्याच हाताने ठेवा. आणि जी गोळी सुटेल तिचे नाव, तारीख आणि सोडण्याचे कारण यादीच्या खाली लिहून ती यादी आईच्या प्रत्येक डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला द्या. नाहीतर पुढच्या कोणत्या तरी भेटीत जुन्या कागदावरून तीच गोळी पुन्हा लिहून दिली जाते, आणि आई ती निमूटपणे घ्यायला लागते.